छातीचे माप आणि श्वासाचे माप

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. माझा भाचा भाट्याच्या पुळणीवर पहाटेचे धावणे आटोपून भिजल्या कपड्यांनीच आमच्या पडवीत आला. तो पोलीस भरतीची तयारी करतो आहे. चहाचा कप हातात घेऊन त्याने विचारले, "मामा, मैदानी चाचणी निघाली की पुढे मेडिकल असतं. दमा आहे ते सांगू, की गप्प बसू?"

मी लगेच उत्तर दिले नाही. हाच प्रश्न 1991 साली माझ्यापुढे होता आणि मी गप्प बसलो होतो. एका भरतीत मी उभा राहिलो. छातीला टेप लागली तेव्हा मित्रांनी शिकवल्याप्रमाणे खांदे मागे टाकून श्वास भरला आणि टेप हवी तेवढी सरकली. माप घेणाऱ्याने मान हलवून पुढे जायला सांगितले. धावण्याच्या दुसऱ्या फेरीत छातीत शिट्या वाजू लागल्या, तिसऱ्या फेरीत मी मैदानाच्या कडेला उकिडवा बसलो. घरी पंप होता. पण 'एकदा पंप लागला की सुटत नाही' या समजुतीने आईने तो फडताळात मागे ठेवून दिला होता.

पोलीस झालो नाही, कारकून झालो. रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात, 1828 साली स्थापन झालेल्या त्या जुन्या संस्थेत, संध्याकाळी बसता बसता मापांच्या इतिहासाचा नाद लागला. आधी शेर-पायली, मग बिघे-पांड, आणि शेवटी माणसे मोजण्याची मापे. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. पण त्या दिवशी टेपने माझे नेमके काय मोजले होते, हा प्रश्न मी तीस वर्षे सोडलेला नाही. भाच्याच्या प्रश्नाने तो पुन्हा समोर आला, म्हणून हा लेख.

आजचे नियम आधी सांगतो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होऊ पाहणाऱ्या पुरुषाची उंची सर्वसाधारणपणे 165 सेंटिमीटर लागते. छाती न फुगवता 79 सेंटिमीटर भरावी लागते आणि श्वास घेतल्यावर ती निदान 5 सेंटिमीटर फुगावी लागते. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण 1600 मीटर धावण्याला आहेत आणि ते पूर्ण मिळवायचे तर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत यावे लागते. मुलींची उंची मोजतात, छाती मोजत नाहीत. त्या 800 मीटर धावतात. म्हणजे मुलांच्या श्वासाची परीक्षा दोनदा होते, एकदा टेपने आणि एकदा धावण्याने. मुलींची होते ती धावण्यानेच, आणि त्यामुळे महिला पोलिसांचे काही अडलेले दिसत नाही.

आता टेपपासून फुप्फुसांकडे जाऊ. श्वास मोजणाऱ्या यंत्राच्या इतिहासात पोलीस अगदी पहिल्या पानावर आहेत, हे वाचून मला नवल वाटले होते. जॉन हचिन्सन हा न्यूकॅसलकडचा इंग्रज डॉक्टर. पाण्यात उलटे बुडवलेले एक पंचपात्र डोळ्यांसमोर आणा. त्याला वर दोरी, दोरी कप्पीवरून घेऊन पलीकडे वजने, आणि आत जाणारी एक नळी. माणसाने छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो नळीतून पूर्ण सोडायचा. जेवढी हवा आत जाईल तेवढे पात्र वर उचलले जाईल आणि बाजूच्या पट्टीवर आकडा दिसेल. हा स्पायरोमीटर. त्यावरचा हचिन्सनचा मोठा निबंध 1846 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याने दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजले होते. त्यांत खलाशी होते, आगीचे बंबवाले होते, छापखान्यातले कामगार, पैलवान, सैनिक, अनाथालयातले गरीब होते, आणि दोन गट पोलिसांचे होते. एक लंडन शहराचे मेट्रोपॉलिटन पोलीस, दुसरे थेम्स नदीवर गस्त घालणारे.

हचिन्सनचा संबंध आयुर्विम्याच्या धंद्याशी होता. कोण लवकर मरेल हे विमा उतरवण्याआधी कळले तर कंपनीला हवेच होते. त्या काळी भीती क्षयाची होती. म्हणून त्याने पूर्ण सोडता येणाऱ्या श्वासाला जीवनाशी जोडणारे नाव दिले. मराठी वैद्यकात आपण त्याला जीवनधारणा-क्षमता म्हणू. आजही जगभर इंग्रजीत तेच नाव चालते.

त्याच्या निष्कर्षांपैकी दोन आपल्या कामाचे आहेत. पहिला असा, की ही क्षमता उंचीबरोबर वाढते. पाच ते सहा फुटांच्या दरम्यान उंचीच्या दर इंचाला सुमारे 8 घन इंच, म्हणजे साधारण 130 मिलिलिटर. दुसरा असा, की छातीच्या घेराशी तिचा तसा सरळ संबंध नाही. रुंद छातीचा माणूस कमी हवा सोडू शकतो, अरुंद छातीचा जास्त. महत्त्व छाती किती हलते याला, ती केवढी आहे याला नाही. आपल्या नियमातले 5 सेंटिमीटर या दुसऱ्या विचाराच्या जवळ जातात, हे मान्य केले पाहिजे. पण 79 सेंटिमीटर घेर म्हणजे फुप्फुसांचा दाखला, ही कल्पना यंत्र बनवणाऱ्यानेच 1846 साली बाजूला ठेवली होती. शिवाय फुगवटा हा सरावाचा भाग आहे. खोल श्वासात पोट आणि छाती यांमधला पडदाही खाली जातो, त्याचे काम टेपला दिसत नाही. आणि बरगड्या कशा उचलायच्या ते आमच्या वेळी मुले एकमेकांना शिकवत असत, आजही शिकवतात.

हचिन्सनची एक हकिगत मला सर्वांत मोलाची वाटते. फ्रीमन नावाचा एक अमेरिकन मुष्टियोद्धा लंडनमध्ये आला होता. जवळजवळ सात फूट उंच, लोक त्याला पाहायला तिकीट काढत. हचिन्सनने 1842 साली त्याचा श्वास मोजला. आकडा अफाट आला. दोन वर्षांनी पुन्हा मोजला तर तो बराच उतरलेला. तरीही हा आकडा इतर कोणाही सामान्य माणसाच्या पुढेच होता. एकाच दिवशी, एकाच ठरलेल्या आकड्याशी तुलना केली असती तर फ्रीमन थाटात उत्तीर्ण झाला असता. प्रत्यक्षात तो 1845 मध्ये क्षयाने गेला. हचिन्सनला धोका कळला तो फ्रीमनची तुलना फ्रीमनशीच केल्यामुळे.

यंत्राचे पुढचे चरित्र मात्र वेगळ्या वाटेने गेले. माणसाची तुलना स्वतःशी करण्याऐवजी त्याला गटाच्या खणात टाकण्यासाठी ते वापरले गेले. अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युअल कार्टराइट या गुलामगिरीच्या पुरस्कर्त्या डॉक्टरने काळ्या माणसांची फुप्फुसे उपजतच कमी असल्याचे स्पायरोमीटरच्या आधाराने सांगितले. यादवी युद्धानंतर 1869 साली बेंजामिन गूल्डने सैनिकांच्या मापांचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यातून हीच समजूत आकड्यांत बांधली गेली. उपासमार, धूर, कामाची जागा यांचा हिशेब कोणी फारसा केला नाही. पुढे आशियाई माणसासाठी युरोपीय आकड्यातून ठरावीक टक्के वजा करण्याची पद्धत पडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी 1977 साली भारतीयांसाठी स्वतंत्र मापदंड मांडले, ते या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे. वंश न पाहणारी सूत्रे वापरावीत, असे अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सांगायला 2023 साल उजाडले.

हे लांबचे वाटेल, पण माणसाआधी त्याचा गट मोजण्याचा अनुभव रत्नागिरी जिल्ह्याला चांगला आहे. आमच्या दापोलीत लष्कराची छावणी होती. कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या पलटणींत आणि पोलिसांत गेली. त्या पलटणींत महार सैनिकांनी नाव कमावले होते. 1890 च्या दशकात लढाऊ जातींच्या सिद्धान्ताने त्यांची भरती बंद झाली. दापोलीत राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. त्या मुलांच्या छातीला टेप लावण्याची वेळच येऊ दिली गेली नव्हती. तेव्हा सर्वांना एकच टेप लागणे ही प्रगतीच होती, हे मी विसरत नाही. माझी तक्रार टेप सगळ्यांना लागते ही नाही. ती चुकीची गोष्ट मोजते, ही आहे.

दम्याच्या बाबतीत तर ती काहीच मोजत नाही. दम्यात फुप्फुसांचा आकार कमी होत नाही. श्वासनलिका सुजतात आणि आवळतात, त्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून किती हवा सुटली याइतकेच किती वेगाने सुटली हे पाहावे लागते. रॉबेर तिफनो या फ्रेंच डॉक्टरने 1947 साली पहिल्या सेकंदातल्या हवेचे माप पुढे आणले. निरोगी तरुण आपल्या श्वासाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पहिल्याच सेकंदात सोडतो. दमेकऱ्याचा हा वाटा घसरतो, आणि पंप घेतल्यावर सुधारतो. अनेक वर्षे 12 टक्के आणि 200 मिलिलिटर इतकी सुधारणा ही दम्याची खूण मानली गेली.

पण इथेच खरी अडचण आहे. दमा दिवसागणिक बदलतो. ज्या दिवशी त्रास नाही त्या दिवशी यंत्रही निर्मळ आकडा दाखवते. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला तमक श्वास म्हणजे आपला दमा. तो ढगाळ, थंड, पावसाळी हवेत वाढतो आणि रोग्याला आडवे होण्यापेक्षा बसून बरे वाटते, हे निरीक्षण त्यात आहे. आमच्या जूनमध्ये भिंतींना बुरशी धरते तेव्हा, किंवा उन्हाळ्यात भाजावळीचा धूर वाडीत साचतो तेव्हा, हे वर्णन कोकणात घरोघर पटते. त्याच चरकाने श्रमाने लागणाऱ्या धापेला क्षुद्र श्वास म्हणून वेगळे काढले; ती आपोआप शमते, तिला तो फारसा रोग मानत नाही. धावून आलेला प्रत्येक उमेदवार धापा टाकतो. त्यातली साधी धाप कोणती आणि तमक कोणता, हे ओळखण्याचीच गरज आहे. तमक श्वास चरकाने याप्य म्हटला आहे. म्हणजे समूळ जात नाही, पण उपचाराने ताब्यात राहतो. आजचे डॉक्टरही हेच सांगतात.

ताब्यात राहिलेला दमा काय करू देतो, याचे उदाहरण पॉला रॅडक्लिफ. धावताना दमा लागणाऱ्या या इंग्रज बाईने 2003 साली लंडनची मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. आणि दुर्लक्ष झालेली धाव काय करते, हे आपण जवळून पाहिले. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीचे 5 किलोमीटर धावताना काही तरुण दगावले. ते दमेकरी होते असे मी म्हणत नाही. उकाडा होता, दमट हवा होती. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी झाले. धाव ही परीक्षा असली तरी ती शरीरावर घडणारी घटना आहे, हे त्या मृत्यूंनी शिकवले.

भाच्याला मी शेवटी काय सांगितले? आधी त्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रोजचा प्रतिबंधक पंप दिला, धावण्याआधी कोणता घ्यायचा ते सांगितले आणि दहा-पंधरा मिनिटे अंग गरम केल्याशिवाय जोरात धावू नकोस अशी ताकीद दिली. मग आम्ही औषधाच्या दुकानातून प्लास्टिकची एक छोटी नळी आणली. तिच्यात जोराने फुंकले की काटा सरकतो आणि श्वासाचा सर्वोच्च वेग कळतो. हे उपकरण मार्टिन राइट या इंग्रज संशोधकाने 1959 साली पुढे आणले. नाकाबंदीत पोलीस मोटारवाल्यांना ज्यात फुंकायला लावतात, तसल्या दारू ओळखणाऱ्या यंत्राच्या घडणीतही याच राइटचा हात होता. हे ऐकून भाचा हसला. "म्हणजे आधी मी फुंकायचं आणि मग लोकांना फुंकायला लावायचं," म्हणाला.

त्याने वही घातली. सकाळ, संध्याकाळ, दोन रकाने. पहिल्या आठवड्यात सकाळी 390, संध्याकाळी 480, असे मोठे अंतर होते. दोन महिन्यांनी सकाळी 510, संध्याकाळी 530. डॉक्टरांनी वही पाहिली आणि म्हणाले, असाच राहिला तर धावायला हरकत नाही, पण पंप सोडायचा नाही.

"आता सांग, मेडिकलला काय करू?" त्याने पुन्हा विचारले.

"सांग," मी म्हणालो. "विचारतील तेव्हा खरं सांग, आणि सांगताना ही वही बरोबर ने. लपवलास तर पंपही लपवावा लागेल, आणि मग दुसऱ्या फेरीत माझ्यासारखा कडेला बसशील. पोलीस झाल्यावर बसलास तर तुझ्या भरवशावर असलेला दुसरा कोणी अडकेल."

वही पाहून ते त्याला घेतील की नाही, हे माझ्या हाती नाही. मागणी मात्र मी इथे नोंदवतो. घेराचे 79 सेंटिमीटर नियमातून जावेत, आणि वैद्यकीय तपासणीत श्वासाचा वेग मोजला जावा; तोही एकदा नव्हे, धावण्याआधी आणि धावल्यानंतर. नळी स्वस्त आहे आणि मोजायला मिनिट लागते. हचिन्सनने लंडनच्या पोलिसांचा श्वास मोजला, त्याला आता पावणेदोनशे वर्षे होऊन गेली.

त्या संध्याकाळी भाचा गेल्यावर नळी मेजावर राहिली होती. मी ती उचलली, उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलो. काटा 340 वर थांबला. वहीच्या शेवटच्या पानावर मी माझ्या नावाचा रकाना आखला आणि तो आकडा लिहिला.