व्याजावरून मुदत, मुदतीवरून मुद्दल

शंभरावर महिन्याला पाच व्याज पडतं, तर सोळावर वर्षाला किती? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हे उदाहरण घातलं आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच श्लोकात त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. मुद्दल आणि व्याज माहीत असेल, तर मुदत किती? मुदत आणि व्याज माहीत असेल, तर मुद्दल किती? व्यवहार एकच, आकडेही तेच. दर खेपेला झाकलेला आकडा तेवढा वेगळा. सूत्र फिरवून हवी ती राशी मोकळी करण्याची रीत आज शाळेतली मुलं वहीत गिरवतात. तिची मुळं शोधताना बाराव्या शतकातल्या या श्लोकापाशी थांबावंच लागतं.

रीतीचं नाव पंचराशिक. दोन उभे रकाने आखायचे. डावीकडे माहीत असलेला व्यवहार: १ महिना, १०० मुद्दल, ५ व्याज. उजवीकडे विचारलेला: १२ महिने, १६ मुद्दल आणि व्याजाची जागा रिकामी. मग ‘फळ’, म्हणजे व्याज, पलीकडच्या रकान्यात न्यायचं. पाच उजवीकडे गेले. उजवीकडचा गुणाकार १२ × १६ × ५ = ९६०, डावीकडचा १ × १०० = १००. ज्या रकान्यात राशी जास्त, त्याच्या गुणाकाराला दुसऱ्याच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर ९ पूर्णांक ३/५.

आता मुदत झाकू. उजव्या रकान्यात १६ मुद्दल आणि ४८/५ व्याज आहे, महिन्यांची जागा रिकामी आहे. दोन्ही फळांची अदलाबदल केली की डावीकडे १ × १०० × ४८/५ = ९६० होतात आणि उजवीकडे १६ × ५ = ८०. भागाकार बारा, बरोबर एक वर्ष. मुद्दल झाकलं, तर त्याच ९६० ला १२ × ५, म्हणजे ६० ने भागायचं. सोळा हाती येतात. रिकामी जागा कुठेही असो, रीत तीच. आपल्याकडे अजूनही मुद्दलाचं, दराचं आणि मुदतीचं अशी निराळी सूत्रं मुलांकडून पाठ करून घेतली जातात. ‘लीलावती’तले हे दोन रकाने एकदा फळ्यावर मांडून दाखवले, तर त्या पाठांतराची गरज उरणार नाही.

पण पंचराशिकात फक्त गुणाकार-भागाकार आहेत. बेरीज-वजाबाकी आली की रकाने अपुरे पडतात. तिथे बीजगणित लागतं, आणि त्याचा भारतातला पाया भास्कराचार्यांच्या पाच शतकं आधी घातला गेला होता. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या आकडेमोडीचे नियम दिले आणि समीकरण सोडवण्याचा नियमही दिला: एका बाजूच्या अव्यक्तातून, म्हणजे अज्ञात राशीतून, दुसऱ्या बाजूचं अव्यक्त वजा करा, सुट्या संख्या उलट्या क्रमाने वजा करा आणि भागा.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं घोड्यांचं उदाहरण हा नियम चालताना दाखवतं. एकाकडे रोख ३०० आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे तशाच किमतीचे दहा घोडे, पण डोक्यावर १०० चं कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत काय? मांडणी एकाखाली एक अशी:

या ६ रू ३००
या १० रू १००

‘या’ म्हणजे यावत्तावत्, अव्यक्त राशी. ‘रू’ म्हणजे रूप, सुटी संख्या. खालच्या १०० वर एक टिंब असायचं, ते ऋणाचं चिन्ह. दहातून सहा गेले, चार घोडे उरले. तीनशेतून ऋण शंभर वजा केले, चारशे झाले. घोडा शंभराला. या क्रियेला समशोधन म्हणत.

बगदादमध्ये हेच काम वेगळ्या वाटेने झालं. अल-ख्वारिझ्मी यांनी नवव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात एकही चिन्ह नाही, सगळं गणित शब्दांत आहे. दहाचे दोन भाग करा. एका भागाचा वर्ग हा दोन्ही भागांच्या गुणाकाराच्या चौपट असू दे. यातून ‘एक वर्ग म्हणजे चाळीस राशी वजा चार वर्ग’ असं समीकरण मिळतं. त्यांच्याकडे स्वतंत्र ऋण संख्या नव्हती. म्हणून उजवीकडची तूट आधी भरून काढायची, दोन्हीकडे चार वर्ग मिळवायचे, की पाच वर्ग बरोबर चाळीस राशी. राशी आठ. तूट भरण्याची ही क्रिया ‘अल-जब्र’, आणि तिच्याच नावावर युरोपने पुढे सगळ्या विषयाचं नाव ठेवलं.

या सगळ्यांत एक उणीव मात्र सारखीच होती. अव्यक्ताला नाव होतं, कधी अक्षर होतं. भास्कराचार्यांकडे तर यावत्तावत् पुरेना तेव्हा कालक, नीलक, पीतक असे रंगही होते. दिलेल्या संख्या मात्र नेहमी आकड्यांतच. आकडे एकमेकांत मिसळले की माग पुसला जातो. ९ पूर्णांक ३/५ या उत्तराकडे पाहून त्यात सोळा कुठे आणि बारा कुठे, ते ओळखता येत नाही. नियम श्लोकात होता, पण कागदावर उचलून फिरवता येईल असं सूत्र नव्हतं.

ते दिलं फ्रान्स्वा व्हिएत या फ्रेंच वकिलाने. राजा चौथा हेन्री याच्यासाठी स्पेनची गुप्त पत्रं उलगडणारा हा माणूस. १५९१ मध्ये तूर इथे छापलेल्या छोट्या पुस्तकात त्याने शोधायच्या राशींना स्वर आणि दिलेल्या राशींना व्यंजनं वापरली. एखादं पद चिन्ह बदलून पलीकडे नेलं तरी समानता ढळत नाही, हेही त्याने वेगळ्याने सिद्ध केलं. माझ्या मते या कुळकथेतलं सर्वांत मोठं पाऊल हेच. आता उत्तरात आकडा नव्हता, नातं होतं, आणि त्यातली कोणतीही राशी अज्ञात धरायला मोकळीक होती. बरोबरचं चिन्ह वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्येच छापलं होतं. दिलेल्यांना a, b, c आणि शोधायच्यांना x, y, z ही वाटणी देकार्त यांच्या १६३७ च्या ‘भूमिती’तून रुळली.

या अक्षरी मांडणीचा मोठा लाभ एडमंड हॅली यांनी भिंगांसाठी उठवला. तोवर भिंगाच्या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र सिद्धता लागे. १६९३ मध्ये त्यांनी अक्षरं वापरून एकच सूत्र मांडलं; बहिर्गोलाऐवजी अंतर्गोल पृष्ठ आलं की चिन्ह बदलायचं, बाकी सूत्र तेच. आज भिंग घासणाऱ्याला नाभीय अंतर सांगितलेलं असतं आणि वक्रता शोधायची असते. तो सूत्र उलटं फिरवतो: दोन्हीकडे सारखा फुगवटा आणि १.५ अपवर्तनांकाची काच असेल, तर २० सेंटिमीटर नाभीय अंतरासाठी २० सेंटिमीटर त्रिज्येचा साचा घ्यायचा.