नाक्यावरची गर्दी आणि बांधावरची वाट



वालाला शेंगा धरायला लागल्यात. मावा कुठे कुठे दिसतोय, त्याची नोंद उद्या टाकतो. आज जरा वेगळं लिहितो. नेरळकडच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं, "काका, साईट बनवून सहा महिने झाले, कुत्रं फिरकत नाही. जाहिरातीला पैसे नाहीत. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपवरून फुकटात माणसं साईटवर आणायची कशी?"

दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण रात्री विचार करत बसलो तेव्हा ध्यानात आलं की हा प्रश्न मोबाईलच्या आधीचा आहे. आपली गोष्ट चार माणसांपर्यंत फुकटात न्यायची आणि त्यांना आपल्या दारापर्यंत आणायचं, ही खटपट शेतकरी माणूस फार वर्षं करतोय. म्हणून आज इतिहासच सांगतो. मी दहावी पास माणूस, इतिहासाचा पंडित नाही. जे वाचलंय आणि जे स्वतः पाहिलंय तेवढंच सांगणार.

आधी आपला नाका बघा. पावसाळ्यात शनिवार-रविवार कर्जत स्टेशनवरून निघालेली पोरं कशेळ्यावरून पुढे जातात. कोणी आंबिवलीला पेठच्या किल्ल्यावर, कोणी खांडसवरून भीमाशंकरला. शेकड्याने माणसं माझ्या शेताजवळून जातात. त्यातलं माझ्या बांधावर कोण येतं? कोणीच नाही. वडापाववाल्याकडे थांबतात, कारण भूक त्यांना तिथे लागते. गर्दी रस्त्याची असते, आपली नसते. फेसबुकचं तसंच आहे.

सगळ्यात जुनं ठळक उदाहरण म्हणजे छापील पत्र. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात 'दीनबंधु' काढलं, शेतकरी-कामकऱ्यांचं पत्र. ज्यांच्यासाठी काढलं त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणजे एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं. पुढे १९७९ ला शरद जोशींनी चाकणला शेतकरी संघटनेचं काम सुरू केलं, तेव्हा 'वारकरी' नावाचं साप्ताहिक काढलं. पैसा थोडा, माणसं लांब, म्हणून स्वतःचं पत्र. दुसऱ्याच्या पेपरात आपली बातमी कधी येईल याची वाट बघत बसायचं नाही, हा त्यातला मुद्दा.

पण मला खरी भुरळ घातली ती रेडिओच्या गोष्टीने. ती जरा सविस्तर सांगतो, कारण आजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा हा आजोबा आहे.

१९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल, पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं घेतली. (आपला कुलाबा जिल्हा त्यात नव्हता. तेव्हाही आपण राहिलोच!) प्रत्येक गावात वीसेक माणसांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, रेडिओ बंद झाला की चर्चा करायची आणि चर्चेत जे प्रश्न निघतील ते पुण्याला लिहून पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यातल्या प्रश्नांना उत्तरं मिळायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र होतं. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकरी रेडिओ मंडळांची.

त्याची पाहणी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने केली, पॉल न्यूरथ नावाच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. त्यांनी तीन तऱ्हेची गावं तपासली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नाही. आता बघा, आवाज तोच, कार्यक्रम तोच, रेडिओचं डबडंही तसंच. फरक पडला तो वीस माणसं एकत्र बसून बोलल्यामुळे आणि त्यांचा प्रश्न परत पुण्याला गेल्यामुळे. १९५९ पासून सरकारने ही मंडळं देशभर न्यायला घेतली. पुढे ती थंडावली. ट्रान्झिस्टर आला, जो तो घरात एकटा ऐकायला लागला, हेही त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं.

आता आपल्या काळात या.

फेसबुकने धंदेवाल्यांसाठी 'पेज' काढायची सोय २००७ च्या नोव्हेंबरात दिली. सुरुवातीला पेजवर टाकलेलं पुष्कळ लोकांना दिसायचं. पण २०१२ साली कंपनीनेच सांगितलं की पेजची पोस्ट त्याच्या चाहत्यांपैकी सरासरी १६ टक्क्यांपर्यंतच पोचते. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याऐंशींना ती दिसतच नाही. २०१८ च्या जानेवारीत झुकरबर्गने जाहीर केलं की यापुढे घरचे आणि मित्र यांच्या पोस्टी जास्त दाखवू, पेजच्या कमी. आपण ज्याला फुकट म्हणतो तो रस्ता असा हळूहळू अरुंद झाला. टोलनाका मात्र उघडाच, पैसे भरले की पोस्ट धावते.

आपल्याकडे खेड्यात हे सगळं खरं पोचलं ते ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ आल्यावर. त्याआधी फोटो पाठवायचा तर नेटपॅक जपून वापरायचो. मग पुढच्याच वर्षी, १ जून २०१७ ला, पुणतांब्याहून निघालेला शेतकरी संप राज्यभर पसरला आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा हात मोठा होता. एक मेसेज गावातून गावात असा गेला की पेपर छापून येईपर्यंत दूध रस्त्यावर होतं. पण त्याच व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. अशा घटना देशात ठिकठिकाणी झाल्या. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. २०२० च्या एप्रिलपासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. ही बंधनं मला मान्य आहेत. पण ज्याचा धंदा नुसत्या फॉरवर्डवर उभा होता त्याची वाट बसली, हेही खरं.

टिकटॉक आठवतंय? २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातली. आपल्या महाराष्ट्रात बांधावर नाचून, नांगर धरून ज्यांनी लाखो चाहते जमवले होते, त्यांच्या हातात सकाळी काही नव्हतं. ऑर्कुट तर त्याच्या कितीतरी आधी, ३० सप्टेंबर २०१४ ला, मिटलं होतं.

शेतीतल्या माणसाला हे एका शब्दात कळेल. वहिवाट. दुसऱ्याच्या बांधावरून आपण वर्षानुवर्षं गेलो आणि त्याने काटे लावले तर आपण तहसीलदाराकडे जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे. फेसबुकच्या बांधावर यातलं एकही कलम चालत नाही. तिथे दहा वर्षं चाललात तरी वहिवाट लागत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या पुतण्याने २०१९ ला आमच्या तांदळाची आणि वालाची साईट केली. तेव्हा एका माणसाने पाच हजार घेऊन माझे चाहते वाढवून दिले. तीन हजार वाढले, त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं! तो धडा स्वस्तात पडला. दुसरा महागात गेला. एका वर्षी ऐन जूनमध्ये माझं एक खातं बारा दिवस बंद पडलं. कोणतं ते सांगत नाही, कारणही मला कळलं नाही. बियाण्यासाठी विचारणारी सगळी माणसं त्या खात्यात होती. फोन नंबर एकाचाही वहीत नव्हता. त्या बारा दिवसांत पेरण्या उरकल्या. बाजूला काढलेलं बियाणं गिरणीत गेलं.

तेव्हापासून पुतण्याने मोजायला सुरुवात केली. एकच नोंद, पण प्रत्येक ग्रुपला वेगळी लिंक. म्हणजे कोण कुठून आलं ते कळतं. बैलजोडीच्या फोटोला नऊशे लाईक आले आणि साईटवर सात माणसं आली. चारसूत्री भाताच्या दोरीची नोंद बेचाळीस जणांच्या ग्रुपवर टाकली, त्यातली एकतीस आली. ती नोंद काय होती? नायलॉनच्या दोरीवर २५ सेंमी, १५ सेंमी, पुन्हा २५, पुन्हा १५ अशा खुणा कशा करायच्या, आणि चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची गोळी कुठे खोचायची. पोस्टमध्ये दोरीचा फोटो आणि एक प्रश्न टाकला होता, 'तुमच्या लावणीत गोळी खोचायला पाय कुठे ठेवता?' पूर्ण आकृती साईटवर. लावणीच्या दिवसांत ज्याला खरंच दोरी बांधायची होती तो आला. नुसतं "लिंक उघडा, लिंक उघडा" केलं असतं तर दोघेही आले नसते.

अर्धी माहिती लपवून लोकांना ओढायचं, असं मात्र करू नका. मिठाच्या पाण्याची बीजप्रक्रिया मी पोस्टमध्येच पूर्ण लिहितो: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगलेलं बी काढून टाका, तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत सुकवा. एवढ्यावर ज्याचं काम भागलं त्याचं भागू दे. 'कर्जत' नावाच्या जातींपैकी कोणती किती दिवसांत तयार होते, हा तक्ता पोस्टमध्ये मावत नाही, त्यासाठी तो साईटवर येतोच. आणि एक गंमत. पोस्ट दोन दिवसांत खाली जाते, तक्ता मात्र पुढच्या मे महिन्यात कोणीतरी गुगलवर शोधत येतो. माझ्याकडे आता निम्मी माणसं अशीच येतात.

या बाबतीत मला वर्धा जिल्ह्यातल्या गंगाधर मुटे यांचं काम फार पटतं. शेतकरी माणूस, कवी. त्यांनी बळीराजा डॉट कॉम हे संकेतस्थळ चालवलं आणि २०१४ पासून त्यावर लेखनस्पर्धा घ्यायला सुरुवात केली. स्पर्धेची हाक फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरते, लेख-कविता मात्र संकेतस्थळावर येते. लिहिणारा आला की त्याचे वाचणारेही मागोमाग येतात, आपला मित्र काय लिहितो ते बघायला. २०१५ ला वर्ध्यात शेतकऱ्यांचं मराठी साहित्य संमेलनही भरलं. १९५६ च्या मंडळांत आणि यात मला फार अंतर दिसत नाही. तिथे गावाचं पत्र पुण्याला जायचं, इथे गावाची कविता साईटवर जाते.

तर नेरळच्या भावा, तुझं पान मी बघितलं. पन्नास ग्रुपांत एकच मेसेज टाकतोस, ते बंद कर. काकडी-शिराळं लावणाऱ्यांचा एकच छोटा ग्रुप धर, त्यात लोक काय विचारतात ते आठवडाभर नुसतं वाच. जो प्रश्न तीनदा येईल त्याचं उत्तर फोटोसकट साईटवर लिही आणि विचारणाऱ्याच्या नावाने तिथे कळव, "दादा, तुमच्या प्रश्नावर लिहिलंय." तो येईल, आणि चार जणांना घेऊन येईल. आलेल्याला विचारून त्याचा नंबर वहीत लिही. कागदाच्या वहीत. माझ्या वहीत आज दोनशे बारा आहेत, त्यातले तीन तुझ्याच गावचे. त्यांना भेट, शिराळ्याच्या मांडवाला तार कोणती वापरायची यावर त्यांचं भांडण चालू आहे. पहिली नोंद त्यावरच होऊ दे.