पोटाचा फ्लू आणि खरा फ्लू

अचानक सुरू झालेल्या उलट्या, पाठोपाठ पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा आणि अंगात कणकण अशी लक्षणे दिसली की 'पोटाचा फ्लू झाला' असे सहज म्हटले जाते. या नावामुळे दोन निराळ्या आजारांची गल्लत होते. फ्लूची लस घेतलेली असल्याने आपल्याला हा त्रास होणार नाही, असे काहींना वाटते. काही जण औषधाच्या दुकानातून फ्लूच्या गोळ्या किंवा प्रतिजैविके आणतात. या आजारात त्यांचा उपयोग होत नाही. शरीरातून झपाट्याने बाहेर जाणारे पाणी आणि क्षार वेळेत भरून काढणे, हाच येथे मुख्य उपचार असतो. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत काही तासांचा विलंबही महागात पडू शकतो.

नाव सारखे, आजार वेगळे

इन्फ्लूएंझा, म्हणजेच खरा फ्लू, हा श्वसनमार्गाचा आजार आहे. त्याचे विषाणू नाक, घसा आणि फुप्फुसांवर हल्ला करतात. 'पोटाचा फ्लू' म्हणून ओळखला जाणारा आजार म्हणजे विषाणूंमुळे जठर आणि आतड्यांच्या अस्तराला येणारी सूज. त्यामागे प्रामुख्याने नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस हे विषाणू असतात. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी १९६८ मध्ये एका शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. तेथील रुग्णांच्या नमुन्यांत १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला आणि पुढे गावाच्या नावावरून तो नोरोव्हायरस म्हणून ओळखला जाऊ लागला. चाकासारखा दिसणारा रोटाव्हायरस १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. या दोहोंचा इन्फ्लूएंझाच्या विषाणूशी संबंध नाही.

महाराष्ट्रात 'गॅस्ट्रो' हा शब्द अधिक रूढ आहे. महापालिकांच्या पावसाळी आजारांच्या आकडेवारीतही तो असतो. मात्र, दूषित पाण्यातील जीवाणूंमुळे होणारे जुलाबही त्यात मोडतात.

फरक कसा ओळखावा?

• मुख्य लक्षणे : फ्लूमध्ये खोकला, घसा दुखणे, नाक वाहणे, डोकेदुखी आणि तीव्र अंगदुखी असते. पोटाच्या आजारात मळमळ, उलट्या, पातळ जुलाब आणि पोटात कळा येतात. सर्दी-खोकला सहसा नसतो.

• ताप : फ्लूमध्ये ताप एकाएकी आणि बराच चढतो. पोटाच्या आजारात तो बहुधा सौम्य असतो किंवा येतच नाही. रोटाव्हायरसची लागण झालेल्या बालकांना मात्र ताप येतो.

• सुरुवात आणि कालावधी : नोरोव्हायरसची लक्षणे संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत दिसतात आणि एक ते तीन दिवसांत ओसरतात. रोटाव्हायरसचे जुलाब तीन ते आठ दिवस चालू शकतात. फ्लूची लक्षणे एक ते चार दिवसांत सुरू होतात. ताप काही दिवसांत उतरला, तरी खोकला आणि थकवा दोन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो.

• प्रसार : फ्लू मुख्यत्वे खोकला व शिंकांतून उडणाऱ्या तुषारांमधून पसरतो. पोटाचे विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून व उलटीतून हात, अन्न, पाणी आणि वस्तूंवाटे दुसऱ्याच्या तोंडात जातात.

• औषध : फ्लूसाठी ओसेल्टामिविर हे औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक लाभ होतो. नोरोव्हायरस किंवा रोटाव्हायरसविरुद्ध असे प्रचलित औषध नाही.

या नियमांना अपवादही आहेत. फ्लूमध्ये, विशेषतः मुलांना, उलट्या-जुलाब होऊ शकतात. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतही काही रुग्णांत ते आढळले होते. मात्र, खोकला आणि घशाचा त्रास सोबत असेल, तर संशयाची सुई फ्लूकडे वळते. शिळे अन्न खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांतच जोरदार उलट्या सुरू झाल्यास अन्नातील जीवाणूंचे विष हे कारण असण्याची शक्यता अधिक असते. पावसाळ्यात डेंगी, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस यांची सुरुवातही ताप आणि उलट्यांनी होऊ शकते. त्यामुळे चढा ताप असेल, तर तो 'पोटाचाच' आहे असे गृहीत धरू नये.

खरा धोका पाणी कमी होण्याचा

बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत बरे होतात. जे अत्यवस्थ होतात, ते प्रामुख्याने शरीरातील पाणी आणि क्षार घटल्यामुळे. तोंड कोरडे पडणे, खूप तहान लागणे, लघवी कमी आणि गडद पिवळी होणे, उभे राहिल्यावर चक्कर येणे ही त्याची लक्षणे आहेत. तान्ह्या मुलाची टाळू खोल जाते, डोळे खोबणीत गेल्यासारखे दिसतात, रडताना अश्रू येत नाहीत. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होते. मूल आधी चिडचिड करते आणि नंतर मलूल होते. त्याचे शांत होणे हे बरे वाटण्याचे लक्षण समजण्याची चूक घातक ठरू शकते.

जलसंजीवनीचे सामर्थ्य

आतड्याला सूज आली, तरी ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषून घेण्याची त्याची क्षमता बरीचशी टिकून राहते. या दोहोंच्या पाठोपाठ पाणीही शरीरात ओढले जाते. ओआरएस अर्थात जलसंजीवनी याच तत्त्वावर काम करते. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात, १९७१ मध्ये, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनचा साठा अपुरा पडला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचे द्रावण रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे सुमारे ३० टक्के असलेले प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पटकी जीवाणूंमुळे होते; परंतु पाणी भरून काढण्याचे तत्त्व विषाणूजन्य जुलाबांतही तेच आहे. डॉ. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेले सुमारे साडेवीस ग्रॅमचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवायचे असते. २०० मिलिलिटर पाण्यासाठीची छोटी पाकिटेही मिळतात; त्यामुळे वेष्टनावरील प्रमाण वाचणे आवश्यक ठरते. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणे योग्य नाही. तयार द्रावण २४ तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्रावण करता येते.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि त्यापुढील वयात हवे तितके द्रावण द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजावे. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी प्रमाणाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शीतपेये आणि गोड फळपेये मात्र टाळावीत. त्यांतील जादा साखरेमुळे आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढतात. प्रमाणित सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच धोक्याच्या पार्श्वभूमीवर.

आहार आणि औषधे

पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवण्याची प्रथा चुकीची आहे. तान्ह्या मुलाचे स्तनपान सुरूच ठेवावे. उलट्या थांबताच भाताची पेज, मुगाची खिचडी, ताक, केळे असा हलका आहार थोडा थोडा द्यावा. सहा महिन्यांवरील मुलांना जुलाबात १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक देण्याची शिफारस आहे. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके शरीरातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. जुलाब तत्काळ बंद करणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. तोंडाने घेतलेले पाणी पोटात टिकत असेल, तर बहुतेकांना सलाईनची गरज नसते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

शौचातून रक्त पडणे, सहा ते आठ तास लघवी न होणे, काहीही पोटात न टिकणे, चढा ताप, असह्य पोटदुखी, ग्लानी यांपैकी एकही लक्षण असल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. सहा महिन्यांखालील बालके, गर्भवती, वृद्ध, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना लवकर दाखवावे. जुलाबानंतरच्या काही आठवड्यांत पायांतील शक्ती कमी होणे किंवा मुंग्या येणे हीदेखील तातडीची बाब आहे. पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांना आधी जुलाब झाल्याचे आढळले होते. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू, तर काहींत नोरोव्हायरस मिळाला होता.

घरातील इतरांचे रक्षण

नोरोव्हायरसचे शंभराहूनही कमी कण संसर्गाला पुरतात. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरने तो पुरेसा नष्ट होत नाही; त्यामुळे शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबण व वाहत्या पाण्याने किमान २० सेकंद हात धुणे हाच भरवशाचा उपाय आहे. उलटी पडलेली जागा हातमोजे घालून पुसावी आणि ब्लीचच्या द्रावणाने स्वच्छ करावी. रुग्णाचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावेत. लक्षणे थांबल्यानंतर किमान दोन दिवस रुग्णाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये आणि मुलाला शाळेत पाठवू नये. पाणी उकळून प्यावे. कालवे, तिसऱ्या पूर्ण शिजवूनच खाव्यात.

बालकांना रोटाव्हायरसपासून संरक्षण देणारी लस उपलब्ध आहे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली असून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयात सरकारी केंद्रांवर मोफत दिली जाते. फ्लूची लस तिची जागा घेऊ शकत नाही आणि ही लस फ्लू रोखत नाही. हा फरक ध्यानात ठेवून घरातील औषधपेटीत जलसंजीवनीची दोन-चार पाकिटे नेहमी असू द्यावीत. मुदत संपण्याची तारीख मात्र अधूनमधून तपासावी.