खर्ज पुढे आला : एकल बेस गिटारची कुळकथा

लग्नसराईत जामनेरच्या रस्त्यावर वरात निघाली की ‘बेस वाढव’ ही आरोळी हमखास ऐकू येते. डीजेच्या भिंतीतून छातीवर आदळणारा तो घुमारा सगळ्यांनाच हवा असतो. तो मुळात कुणाच्या तरी बोटांतून निघतो, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. हळदीच्या ऑर्केस्ट्रातही बेस गिटार असतेच असं नाही. कीबोर्डवाल्याचा डावा हात बहुतेकदा ते काम निभावून नेतो. अशा गावातल्या मुलाने किंवा मुलीने घरी सांगितलं, ‘मी एकटीच बेस वाजवणार आणि त्यावरच रचना करणार,’ तर पहिला प्रश्न ठरलेला : मग गाणार कोण? या प्रश्नाचं उत्तर बेस गिटारच्या कुळकथेत आहे.

बेस गिटारचा पूर्वज म्हणजे उभ्याने वाजवायचा डबल बेस. उंची माणसाएवढी किंवा त्याहून जास्त. आपल्या पाचोरा–जामनेर पी.जे. गाडीच्या छोट्या डब्यात तो चढवायचा म्हटला असता, तर त्याच्यासाठी दोन-तीन उतारूंना खाली उतरावं लागलं असतं. एवढं धूड वाहून न्यायचं आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गोंगाटात ते कुणालाच ऐकू जायचं नाही! त्यात मानेवर पडदे नसल्यामुळे बोट जरा सरकलं की सूर गेला. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी 1930च्या दशकात पडदे असलेला, आडवा धरायचा विजेवरचा बेस तयार केला, पण तो फारसा खपला नाही. 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी तेच काम तडीस नेलं. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादकांच्या तक्रारी तो कान देऊन ऐकायचा. त्याने चार तारांचं, 34 इंच तारलांबीचं, पडदे असलेलं वाद्य बनवलं आणि सूर नेमका लागतो म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘प्रिसिजन बेस’. सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा, म्हणजे गिटारच्या सर्वांत खालच्या सुरापेक्षा बरोबर एक सप्तक खाली. वाद्य खांद्याला अडकवता येऊ लागलं, ऐकू येऊ लागलं. वादक मात्र मागच्याच रांगेत राहिला.

त्या रांगेतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन. मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांचा कणा त्याच्या उजव्या हाताच्या एकाच बोटाने उभा केला. तर्जनी आकड्यासारखी वाकवून तो तार छेडायचा आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागा अशा भरायचा की गायकाच्या गाण्याखाली आणखी एक गाणं चाललं आहे असं वाटावं. तबकडीवर मात्र वर्षानुवर्षं त्याचं नाव नव्हतं. 1971 मध्ये गायक मार्विन गे यांच्या अल्बमच्या वेष्टनावर ते छापलं गेलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं.

आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओंमध्येही हेच घडत होतं. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ यांचं काम गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडलं, पण तबकडीवर नावं असायची संगीतकाराची, गीतकाराची, गायकाची. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन 2008 मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा त्यातली कितीतरी नावं पहिल्यांदा कागदावर आली. याच स्टुडिओंतले चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीचं टीबी-303 हे यंत्र हाताशी धरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. हे यंत्र बेस वादकाची जागा भरून काढायला बनवलं होतं. त्या अल्बमकडे तेव्हा कुणी वळून पाहिलं नाही. पुढे 2010 मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभर वाखाणला गेला. खालचा सूर केवळ टेकू नाही, त्यावर राग उभा राहतो, हे मुंबईतल्या एका साथीदाराने दाखवून दिलं होतं.

साथीच्या वाद्याला स्वतःचा आवाज मिळाला तो गरजेतून. लॅरी ग्रॅहम आईबरोबर क्लबमध्ये बेस वाजवायचा. ड्रमवाला राहिला नाही, तेव्हा ठेक्याची उणीव भरून काढायला तो अंगठ्याने जाड तार ठोकू लागला आणि बोटाने बारीक तार ओढून सोडू लागला. अंगठा झाला ढोल, बोट झालं टाळी. आज ज्याला ‘स्लॅप’ म्हणतात ती शैली अशी जन्माला आली. म्हणजे एकट्याने दोघांचं काम करण्याची सवय बेसला पहिल्यांदा लागली ती दुसरा माणूस नव्हता म्हणून.

मग आला जॅको पास्टोरिअस. जन्म 1951चा, प्रिसिजन बेसच्याच वर्षीचा. फेंडर यांनी जे पडदे मुद्दाम बसवले होते, ते याने आपल्या जॅझ बेसवरून काढून टाकले. मोकळ्या खाचा बुजवल्या आणि तारांनी लाकूड झिजू नये म्हणून मानेवर बोटींना देतात तो इपॉक्सीचा लेप चढवला. त्या टणक, गुळगुळीत पृष्ठभागावरून बोट घसरलं की सूर गळ्यातून आल्यासारखा निघतो. आपण त्याला सरळ मींड म्हणू. 1976च्या पहिल्या अल्बमची सुरुवातच त्याने सॅक्सोफोनवाल्यांची परीक्षा पाहणाऱ्या ‘डॉना ली’ या रचनेने केली, तीही बेसवर, साथीला फक्त काँगा. त्याच अल्बममधल्या दुसऱ्या एका रचनेत तार न दाबता, नुसता स्पर्श करून निघणारे अनुनाद-स्वर आहेत. तारेच्या निम्म्यावर, तिसऱ्या भागावर, चौथ्या भागावर बोट अलगद टेकवायचं आणि उचलायचं. घंटेसारखे वरचे सूर वाजतात आणि खालची मोकळी तार त्यांच्याखाली घुमत राहते. खर्ज आणि चाल एकाच माणसाच्या हातात आले. 1996 मध्ये व्हिक्टर वूटनने जवळजवळ सबंध अल्बम एकट्या बेसवर केला. पुढे आपणच वाजवलेला तुकडा फिरवत ठेवणारी लूपची यंत्रं स्वस्त झाली आणि एकल वादक रंगमंचावर स्वतःचीच साथ करू लागला.

भारतीय कानाला यात परकं काही वाटू नये. रुद्रवीणा आणि सूरबहार ही मंद्रातली वाद्यं. जोड-आलाप हेच त्यांचं वैभव. आणि तीही पुढच्या रांगेत आपोआप आली नाहीत. ध्रुपद गाणाऱ्या डागर घराण्यात वीणा मुख्यतः गळ्याच्या तालमीसाठी, घरात वाजायची. झिया मोहिउद्दीन डागर यांनी ती मैफलीत एकटी बसवली. त्यासाठी भोपळे आणि दांडी मोठी करून घेतली, तारा जाड केल्या, सूर आणखी खोल नेला. पनवेलजवळच्या पळस्पे येथे त्यांचं गुरुकुल उभं राहिलं. बेस वाजवणाऱ्या मराठी मुलाने जॅकोइतकंच त्यांनाही ऐकावं. एका खोल सुरावर किती वेळ थांबता येतं, हे तिथे कळतं.

आज या वाटेवर मुंबईची मोहिनी डे उभी आहे. वडील बेस वादक, त्यामुळे वाद्य अगदी लहानपणी हातात आलं. रणजित बारोट, झाकिर हुसेन, ए. आर. रहमान यांच्यासोबत तिने साथ केली. कोन्नकोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या तालाचे, बोल तोंडाने म्हणत तेच बोटांनी तारेवर उतरवणं ही तिची खासियत. 2023 मध्ये तिचा स्वतःच्या नावाचा अल्बम निघाला. आधी साथ, मग रचना, हा क्रम इथेही आहे. साथ करताना दुसऱ्याच्या गाण्याची बांधणी आतून दिसते, आणि बांधणी दिसली की स्वतःची चाल उभारता येते.

जामनेरमध्ये बसून आरंभ करायचा तर कुठून? वाद्यच वाट दाखवतं. बेसच्या चार मोकळ्या तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या असतात. जाड तार, म्हणजे पांढरी तीन, तिला षड्ज माना. पुढची तार होते मध्यम, तिसरी कोमल निषाद, चौथी वरच्या सप्तकातला कोमल गंधार. सा, म, नि, ग! मालकंसाच्या पाच स्वरांपैकी चार स्वर बोट न लावता वाजतात. राहिला कोमल धैवत; तो दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सापडतो. मालकंसात पंचम नाही, आणि त्याचं खरं रूप खुलतं मंद्रातच. अंगठ्याने जाड तार छेडून षड्ज घुमत ठेवावा, उरलेल्या बोटांनी मध्यमावर थांबत आलाप करावा, मग तोच ठेक्यात बांधावा. एवढं जमलं की पहिल्या रचनेचा पाया पडला.

आपल्या खान्देशात हे अंगवळणी पडायला वेळ लागू नये. गोंधळात तुणतुण्याची एकच तार सूरही देते आणि लयही धरते; तिच्यावर रात्र निघते. बेसला चार तारा आहेत. गाणार कोण, या प्रश्नाला गेल्या पन्नास वर्षांतल्या वादकांनी दिलेलं उत्तर एकच : खर्ज सांभाळणाराच गाईल. खर्ज सोडून पुढे येण्याची घाई ज्याने केली त्याचं वाजवणं नुसतं बोटांची चपळाई होऊन बसतं. म्हणून जामनेरच्या त्या मुलाला किंवा मुलीला माझं मनापासून सांगणं आहे : भजनी मंडळात, ऑर्केस्ट्रात, अहिराणी गाण्यांच्या मागे, जिथे मिळेल तिथे साथ करा. घरी आल्यावर मालकंस लावा. आणि पुढे या.