हेन्रिएटा स्ट्रीट
हेन्रिएटा स्ट्रीट : आयर्लंडमधील डब्लिन शहराच्या उत्तर भागातील ऐतिहासिक मार्ग व त्यावरील जॉर्जियन काळातील लाल विटांच्या सलग घरांचा समूह. पेढीवाला व जमीनविकासक ल्यूक गार्डिनर याने १७२० नंतरच्या दशकात हा मार्ग आखला. वास्तुविशारद एडवर्ड लव्हेट पिअर्स याने येथील काही घरांचे आराखडे केले. उमराव, धर्माधिकारी व संसद सदस्य यांची येथे वस्ती होती. डब्लिनमधील पुढील काळाच्या घरबांधणीवर या घरांचा मोठा प्रभाव पडला.

सलग घराच्या बाजूच्या भिंती शेजाऱ्याशी सामायिक असल्याने उजेड व हवा केवळ पुढून आणि मागून मिळते. त्यामुळे घर उंचीत वाढते व त्याच्या मजल्यांनाच सामाजिक क्रम प्राप्त होतो. रस्ता व घर यांमध्ये लोखंडी कठड्याने बंदिस्त अशी खोलगट मोकळी जागा असून तिच्यातून तळघरास उजेड मिळतो. तळघरात स्वयंपाकघर व नोकरांच्या कामाच्या जागा असत. तळमजल्यावर भोजनाची व बैठकीची दालने, पहिल्या मजल्यावर समारंभाचे दिवाणखाने, त्यावर शयनगृहे व सर्वांत वर मुले आणि नोकर यांच्या खोल्या, अशी सर्वसाधारण रचना होती. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच असून वर जावे तसतशा त्या आखूड होत जातात. दर्शनी भिंत मात्र साधी असते. अलंकरण प्रवेशद्वारापुरते मर्यादित राहते व खरे वैभव जिना आणि गिलाव्यातील नक्षीकाम यांत दिसते. विटांचे बांधकाम चुन्यातील आहे. डब्लिनमध्ये दरजा भरताना चुन्याची बारीक पांढरी रेघ ठेवून तिच्याभोवती विटेच्या रंगाचे मिश्रण भरीत. त्यामुळे ओबडधोबड विटाही रेखीव भासत.

क्रमांक १४ च्या घरात या वास्तुप्रकाराचा सर्व इतिहास सामावला आहे. तळघर व त्यावर चार मजले असलेले हे घर गार्डिनरने १७४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बांधले. व्हायकाउंट रिचर्ड मोल्झवर्थ हा त्याचा पहिला रहिवासी. १८०१ मध्ये आयर्लंडची संसद ब्रिटिश संसदेत विलीन झाली आणि उमरावांनी डब्लिन सोडण्यास प्रारंभ केला. मोठ्या दुष्काळानंतर कर्जबाजारी जमीनदारांच्या मालमत्ता विकणारे न्यायालय याच घरात भरू लागले. पुढे तेथे सैनिकांची वसती झाली. १८७७ मध्ये टॉमस व्हान्स याने घर विकत घेऊन त्याची १९ बिऱ्हाडे केली. जागा वाचविण्यासाठी त्याने भव्य जिना काढून टाकला. एका कुटुंबासाठी बांधलेल्या या घरात १९११ च्या खानेसुमारीच्या वेळी १०० माणसे राहत होती. प्रशस्त दालने लाकडी आडभिंतींनी विभागता येत असल्यामुळेच हा बदल सुलभ झाला. पाणी व शौचकूप यांची मूळ सोय मात्र इतक्या माणसांसाठी नव्हती. सप्टेंबर १९१३ मध्ये चर्च स्ट्रीटवरील अशाच दोन जीर्ण घरांच्या पडझडीत सात जण मरण पावले. त्यानंतरच्या चौकशीत डब्लिनमधील सु. २०,००० कुटुंबे एकेका खोलीत राहत असल्याचे उघडकीस आले.

क्रमांक १४ मधील शेवटचे रहिवासी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडले. नगरपालिकेने घर ताब्यात घेऊन दशकाहून अधिक काळ जतनकार्य केले व २०१८ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. सामान्यतः अशा कामात उत्तरकालीन भर काढून मूळ वैभव पुन्हा उभे करण्याकडे कल असतो. येथे तसे केले नाही. उमरावी काळातील नक्षीकामाबरोबरच बिऱ्हाडांच्या काळातील भिंतींचे निळीसारखे निळे व गेरूसारखे तांबडे रंगही राखले आहेत. वास्तूचा इतिहास ती बांधणाऱ्यांइतकाच तीत दाटीवाटीने संसार करणाऱ्यांचाही असतो, ही भूमिका त्यामागे आहे.