सुईविना इन्सुलिन : टोरांटो ते पाथर्डी

प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या सुमारास गाळप सुरू केले आणि आमच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याला साखरेने ओळख दिली. आज त्याच जिल्ह्यात ‘शुगर’ म्हटले की पहिल्यांदा मधुमेह आठवतो, आणि त्यामागोमाग सुई.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. ते तोंडावाटे देण्याची धडपड तेव्हापासूनचीच. अडचण साधी आहे. इन्सुलिन हे प्रथिन. डाळीतले प्रथिन जसे पचते, तसेच पोटात तेही पचून जाते.

२००७ मध्ये पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीतील देविका भुमकर, वर्षा पोखरकर आणि सोन्याच्या सूक्ष्मकणांचे अभ्यासक मुरली शास्त्री यांनी सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानने त्यांनी सोन्याचे नॅनोकण घडवले. कायटोसान आतड्याच्या, नाकाच्या ओल्या अस्तराला चिकटते. या कणांवर बसवलेले इन्सुलिन मधुमेही उंदरांना दिल्यावर रक्तातील साखर तोंडावाटे सुमारे ३०, तर नाकावाटे २० टक्क्यांनी उतरली.

मग औषध बाजारात का आले नाही? माझ्या मते खरा पेच सुईचा नाही, मापाचा आहे. टोचलेल्या दहा युनिटांपैकी बहुतेक रक्तात पोहोचतात. गिळलेल्यांपैकी किती पोहोचतील, हे जेवणावर आणि आतड्यावर ठरते. कमी पोहोचले तर साखर चढते, जास्त पोहोचले तर माणूस बेशुद्ध पडतो. फुफ्फुसाच्या वाटेवरही ठेच लागलीच : श्वासातून घ्यायचे ‘एक्झुबेरा’ २००६ मध्ये आले, पण खप न झाल्याने २००७ मध्ये कंपनीनेच मागे घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये भारतात सिप्लाला ‘अफ्रेझा’साठी मंजुरी मिळाली. त्याचे कण मात्र नॅनो नव्हेत, मायक्रो. ते जेवणावेळचे इन्सुलिन आहे. टाइप-१ च्या रुग्णाला दिवसभर पुरणारे इन्सुलिन टोचावेच लागते.

पाथर्डी-शेवगावचे मजूर ऊसतोडीला जातात, तेव्हा फडाजवळच्या कोपीत फ्रिज नसतो. तिथे टाइप-१ चे लेकरू असेल, तर इन्सुलिन ओल्या मडक्याच्या गारव्यात सांभाळावे लागते. सुई गेली, पण औषध उन्हात टिकले नाही किंवा मजुरीत परवडले नाही, तर त्या लेकराचे काय सुटले? प्रयोगशाळेतून निघालेला प्रत्येक कण शेवटी त्या कोपीतच तपासला जायला हवा.