तोब्रूकचे बंदी आणि जर्मनींतील आझाद हिंद लीजन

दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें परदेशीयांचीं जीं पथकें उभारिलीं, त्यांपैकीं एक हिंदी लोकांचें होतें. ‘आझाद हिंद लीजन’ हें त्याचें नांव. जर्मन लष्करांत तें 950 क्रमांकाची पायदळ रेजिमेंट म्हणून ओळखिलें जाई. त्याचें आयुष्य साडेतीन वर्षांचेंही नव्हतें. त्याविषयीं स्तुति व निंदा पुष्कळ झाली. परंतु घटनांचा क्रम नीट लाविल्यावांचून दोहोंसही आधार नाहीं. प्रस्तुत टिपणांत तो क्रम लाविला आहे.

सुभाषचंद्र बोस एप्रिल 1941 मध्यें बर्लिनला पोंचले. त्याच महिन्यांत लिबियांतील मेकिली येथें तिसरी हिंदी मोटार ब्रिगेड रोमेलच्या हातीं सांपडली. त्या बंद्यांतून निवडक लोक सॅक्सनींतील आनाबुर्ग छावणींत आणिले गेले. 2 नोव्हेंबर 1941 रोजीं बर्लिनमध्यें ‘आझाद हिंद केंद्र’ सुरू झालें आणि डिसेंबरच्या अखेरीस स्वयंसेवकांची पहिली लहानशी तुकडी फ्रांकेनबेर्ग येथें शिक्षणास गेली. पुढें मुख्य तळ क्योनिग्सब्रूक येथें पडला.

आतां महाराष्ट्राशीं येणारा संबंध पाहूं. ‘काळी पांचवी’ या नांवानें प्रसिद्ध असलेली पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण अकराव्या हिंदी ब्रिगेडसह तोब्रूकच्या रक्षणास होती. 20 जून 1942 रोजीं रोमेलचा मुख्य आघात नेमका या ब्रिगेडच्या आग्नेय मोर्च्यावर झाला. दुसऱ्या दिवशीं ठाणें पडलें व सुमारें 33,000 सैनिक बंदी झाले. यावरून एक गोष्ट उघड होते. लीजनचा पाया तोब्रूक पडण्यापूर्वीं सहा महिने घातला गेला होता. तेव्हां तेथील बंद्यांस त्याचे संस्थापक म्हणणें कालविपर्यास होय.

लीजनची रचना लक्षांत घेण्याजोगी आहे. ब्रिटिश फौजेंतील जातवार व धर्मवार कंपन्यांची पद्धति बोसांनीं मोडिली व सर्वांस एकत्र मिसळिलें. बाहीवरील तिरंगी चिन्हावर झेप घेणारा वाघ होता. शपथेंत मात्र हिटलर व बोस या दोघांचींही नांवें होतीं. या पथकाची सारी अडचण त्या एका वाक्यांत सांठविली आहे: लढावयाचें हिंदुस्थानासाठीं, आणि आज्ञा जर्मनांची.

8 फेब्रुवारी 1943 च्या सुमारास बोस कील बंदरांतून पाणबुडीनें पूर्वेस निघाले. त्यानंतर लीजनला हिंदुस्थानची वाट उरली नाहीं. 1943 मध्यें तें प्रथम हॉलंडच्या व मग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर, बोर्दोजवळ लाकानो येथें, पहाऱ्यास ठेविलें गेलें. त्या सुमारास त्याची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. ऑगस्ट 1944 मध्यें तें वाफेन-एस.एस.कडे वर्ग झालें. फ्रान्समधून माघार घेतांना लूट व अत्याचार केल्याचे आरोपही त्यावर आले. ते झांकून इतिहास लिहितां येणार नाहीं. 1945 च्या वसंतांत स्वित्झर्लंडकडे सरकत असतां पथकांतील लोक अमेरिकन व फ्रेंच सैन्यांच्या हातीं लागले.

संग्राहकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, बर्लिनमध्यें छापलेलीं ‘आझाद हिंद’ तिकिटें टपालासाठीं कधींच प्रचारांत आलीं नाहींत; म्हणून ‘वापरलेलें’ म्हणून दाखविलें जाणारें तिकीट संशयास्पद समजावें. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. साताऱ्याच्या किंवा कोंकणांतील एखाद्या घरीं जर्मन छावणीच्या शिक्क्याचें पत्र सांपडलें, तर तेवढ्यानें तो शिपाई लीजनमध्यें होता असें ठरत नाहीं. बहुसंख्य हिंदी बंद्यांनीं, आमिष व उपासमार दोन्हीं सोसून, त्यांत नांव घातलें नाहीं. ज्यांनीं घातलें त्यांतही देशभक्त होते आणि केवळ कुंपणाबाहेर पडूं पाहणारेही होते.

असें पत्र हातीं आल्यास पाकिटासह जपावें. शिक्का, तारीख व छावणीचा क्रमांक यांची नक्कल करावी. आणि शिपायास वीर वा फितूर ही पदवी देण्यापूर्वीं तें पुन्हां वाचावें. त्याचे वंशज आपल्यांतच राहतात. अपुऱ्या पुराव्यावर दिलेला निवाडा त्यांस भोगावा लागतो.

मार्केट यार्ड, पुणें